मिठाचा वास

द्राक्षाच्या पानांना समुद्राचा वास येतो, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. नेरमिनबाईंनी काचेच्या बरणीचं झाकण फिरवलं, मिठाच्या पाण्यात दाबून बसवलेली पानांची गुंडाळी बोटांनी सैल केली, आणि लिंबाच्या झाडाकडे उघडणाऱ्या त्या परदेशी खिडकीच्या उजेडात एकाएकी, ओहोटीच्या वेळी मोरजीच्या वाळूवर येतो तसा ओला, खारट, किंचित आंबूस वास पसरला. चैत्र लागला होता. बाहेर लिंबाच्या फुलांवर मधमाश्या घोंगावत होत्या, शेगडीवर ऑलिव्हच्या तेलात कांदा मंद आचेवर पारदर्शक होत चालला होता, आणि त्या सगळ्या सुखद पसाऱ्याच्या मध्यभागी माझी मुलगी पूर्वा, नेरमिनबाईंच्या कोपराला कोपर लावून, तोंड उघडून उभी होती. बाईंनी लाकडी चमच्यावर थोडं सारण घेतलं, त्यावर फुंकर घातली आणि तो चमचा माझ्या एकतीस वर्षांच्या मुलीच्या तोंडात दिला. पूर्वाने डोळे मिटले, क्षणभर जीभ टाळ्याला लावून विचार केला, काहीतरी म्हणाली. मग तोच चमचा बाईंनी स्वतःच्या तोंडात घातला. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मांडीवर पर्स ठेवून बसले होते. माझ्या पोटात दुखलं. चांगल्या शब्दांत सांगायचं तर मला असूया वाटली. पण आयुष्यभर शाळेत मराठी शिकवूनही सांगते, पोटात दुखणं हाच त्यासाठी खरा शब्द आहे.

पूर्वा इझमीरजवळच्या त्या छोट्या गावात ऑलिव्हच्या झाडांवर पडणाऱ्या रोगांचा अभ्यास करायला गेली होती आणि तीन वर्षं नेरमिनबाईंच्या घरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहत होती. तिचं काम वैशाखाअखेर संपत होतं. पुढे दोन वर्षांची मुदत वाढवून मिळत होती, घ्यायची की नाही हे तिचं ठरत नव्हतं. निदान आम्हाला ती तसं सांगत होती. तिच्या बाबांचे गुडघे विमानात बसण्याच्या पलीकडे गेलेले, म्हणून मला एकटीला पाठवलं गेलं. दाबोळीच्या विमानतळावर निरोप देताना ते मला म्हणाले होते, "तिका घेवनच ये. चार दिवस रांदून घाल, वासानच येतली." नवऱ्याने लग्नाच्या सदतीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाची केलेली ही सगळ्यात लांब स्तुती. मी ती बरोबर घेऊन गेले, शिवाय तिरफळं, कोकमाची सोलं, दोन नारळ आणि स्वतःविषयीचा भरपूर विश्वास.

तो विश्वास अगदीच पोकळ नव्हता. डिचोलीत आमच्या वाड्यावर कुणाकडेही चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं, मिश्र भाज्यांचं खतखतं करायचं झालं की मला हाक येते. पाच भाज्या असोत की एकवीस, पातेलं केवढंही असो, मी चाखत नाही. आमच्याकडे चाखलेलं ते उष्टं, आणि रोज पहिला घास देवापुढे जायचा, तेव्हा रांधणाऱ्या बाईने जिभेला शिवू द्यायचंच नाही. मग मीठ कसं कळतं? वासाने कळतं. मीठ न पडलेल्या आमटीची वाफ कच्ची, पाणचट येते. मीठ पुरेसं पडलं की तीच वाफ गोल होते, तिला बूड येतं. हे मला पेडण्याला माझ्या आईने शिकवलं, म्हणजे शिकवलं असंही नाही, तिच्या शेजारी उभी राहून वर्षानुवर्षं मी ती वाफ घेत गेले. लोक म्हणतात, मिठाला वास नसतो. नसेना का. माझ्या नाकाने सदतीस वर्षांत एकदाही मला तोंडघशी पाडलं नव्हतं.

आणि माझ्या स्वयंपाकघरात भांड्यावर झाकण असतं. खाणी जोरात होत्या त्या वर्षांत सुर्ल्याकडून येणारे खनिजाचे ट्रक आमच्या दारावरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत जायचे, आणि त्यांच्या मागून उठणारी तांबडी धूळ तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या धोतरांवर, देवाच्या पितळी समईवरसुद्धा बसायची. जनेलं, म्हणजे खिडक्या, बंद, भांडी झाकलेली, आणि दोन्हींवर माझी नजर, असा माझा संसार झाला. ट्रक थांबले तरी सवय राहिली. त्यामुळे नेरमिनबाईंचं स्वयंपाकघर पाहून मला आधी राग आला तो त्याच्या उघडेपणाचा. खिडकी उघडी, दार उघडं, पातेली उघडी. शेजारीण सरळ आत येते, कढईत डोकावते, बोट बुडवते, चाटते, वर दोन शब्द ऐकवते आणि निघून जाते. बाई हसतात. मी असते तर हात धरून पायरीवर नेऊन ठेवली असती.

पहिल्या आठवड्यात बाईंनी मला शिष्य म्हणून स्वीकारलं. मी मागितलं नव्हतं. पण त्यांच्याकडे पाहुणी म्हणजे दोन मोकळे हात अशी समजूत असावी. मसुराची घट्ट मऊ आमटी आणि वरून पुदिना घातलेलं तापलेलं लोणी. काट्यांच्या कमळासारख्या दिसणाऱ्या आर्टिचोकचं एकेक पान सोलून आतली वाटी काढायची आणि लिंबाच्या पाण्यात टाकायची, नाहीतर ती काळी पडते. वांगी थेट ज्योतीवर भाजून दह्यात कालवायची. वांग्याच्या वेळी मात्र मला वाटलं, हे तर आमचं भरीत, दह्याच्या शेजारी मिरची तेवढी विसरले आहेत. प्रमाण विचारलं की बाई स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "गोझ कारारी." पूर्वाने अर्थ सांगितला, नजरेचा अंदाज. मला हे पटलं. मीही कधी वाटी-चमचा मोजला नाही. एरवी अशी बाई मला आवडली असती, हे मी आज कबूल करते. तेव्हा मात्र ती माझ्यासारखीच आहे, ही गोष्टच मला अधिक झोंबत होती.

कारण माझ्या डोळ्यांना त्या दिवसांत एकच दिसत होतं. बाई पूर्वाला 'पूर्वाजीम' म्हणत. नावाला ते जीम लावलं की त्यांच्या भाषेत 'माझी लाडकी' होतं म्हणे. मी कधी माझ्या मुलीच्या नावाला काही लावलं नव्हतं; उलट हाक मारताना शेवटचा स्वर कापूनच टाकला होता. पूर्वा त्यांना 'तेझे' म्हणे, म्हणजे मावशी. मला बहीण नाही, तेव्हा माझ्या मुलीला मावशी असण्याचं कारण नव्हतं. पण तिने परस्पर एक मिळवून ठेवली होती. आणि ही माझी मुलगी, जिला आमच्याकडे साधी पेज उतू जाताना कळायची नाही, ती इथे पान तळहातावर पसरत होती, शिरेची बाजू वर ठेवून देठ खुडत होती, चिमूटभर सारण आडवं घालून दोन्ही कडा आत मुडपत होती आणि करंगळीएवढी, एकसारखी, घट्ट गुंडाळी करून पातेल्यात लावत होती. एक झाली की दुसरी. बोलता बोलता. बघतही नव्हती. ती बोटं माझी होती, आमच्याकडची, टोकाला किंचित वर वळलेली. आणि ती दुसऱ्याच्या चुलीवर शहाणी झाली होती.

एकदा पूर्वा पातेल्यावर वाकली, अगदी वाफेत तोंड घालून, तर बाईंनी हसत तिच्या गालाला हात लावून तिला मागे ओढलं आणि चमचा पुढे केला. मला त्यात फक्त गालावरचा हात दिसला. आणखी काही होतं, ते माझ्या ध्यानात यायला भाद्रपद उजाडावा लागला.

मलाही त्यांनी चमचा पुढे केला होता. पहिल्याच दिवशी. मी मान वळवली. ती नुसती सवय होती, चूल पेटलेली असताना माझं तोंड आपोआप मिटतं. पण बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी विझलं, त्यांना वाटलं असावं मला किळस आली. पूर्वा त्यांच्याशी भराभर काही बोलली. मग दोघी हसल्या. आपल्या मुलीला, आपल्याला न कळणाऱ्या भाषेत, आपल्याविषयी कुणापुढे तरी हसताना पाहणं काय असतं, ते ज्याने पाहिलं आहे त्यालाच ठाऊक. मीही ओठावर हसू ठेवलं. पोटात काय होतं ते सांगून झालंच आहे.

निघण्याच्या आदल्या रविवारी बाईंच्या दोन मैत्रिणी जेवायला येणार होत्या. मी जाहीर केलं, आज पानांच्या गुंडाळ्या मी करणार, सगळ्या, एकटी. खरं तर मी खतखतं करायला हवं होतं. तिरफळं पिशवीत तशीच होती. पण मला त्या बाईला तिच्याच अंगणात जिंकायचं होतं, आणि मुलीला दाखवायचं होतं की तीन वर्षांत जे तू हिच्याकडून शिकलीस ते तुझी आई तीन आठवड्यांत करते. तेव्हा चल आता घरी. पूर्वाच्या कपाळाला किंचित आठी पडली. "मी रवतंय तुझ्यावांगडा," ती म्हणाली. मी म्हटलं, "नको. तू जा बाजारात तुझ्या मावशीक घेवन." त्या दोघी टोपल्या घेऊन गेल्या आणि मी त्या उघड्या स्वयंपाकघरात प्रथमच एकटी राहिले. सगळ्यात आधी मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

फार सुंदर सकाळ होती ती. ओट्यावर उजेडाचा चौकोन सरकत होता, शेपूची बारीक चिरलेली पानं त्यात हिरवीगार चमकत होती, दालचिनी, वाळका पुदिना, मनुका, चिलगोज्यासारख्या पांढऱ्या बिया, सगळं मी हाताशी मांडून घेतलं होतं. कांदा परतला, तांदूळ घातले, आणि वाफेवर वाकून मी मिठाची वाट पाहू लागले. आज आठवलं की हसू येतं. शेपू आणि पुदिना आणि दालचिनी आणि ते जड, फळासारखा वास असलेलं तेल यांच्या गर्दीत माझं नाक एखाद्या खेडवळ बाईसारखं भांबावून उभं होतं. मला ते कळलं नाही असं नाही. कळलं, आणि मी ते झटकलं. चमचा हाताशीच होता. मी अंदाजाने मीठ टाकलं, वाफ बदलली नाही, आणखी टाकलं. मग बरणी उघडून पानं काढली आणि एकेक करून भरायला बसले. ती पानं आधी कढत पाण्यात बुडवून, पाणी ओतून देऊन, पुन्हा बुडवून त्यांचं मीठ काढायचं असतं, हे नेरमिनबाईंनी माझ्या डोळ्यांदेखत तीन वेळा केलं होतं. पण त्या वेळी मी पाण्याकडे पाहत नव्हते. मी त्यांच्या दुसऱ्या हाताकडे पाहत होते, जो पूर्वाच्या खांद्यावर होता.

दुपारी अंगणातल्या मेजावर पांढरं कापड घातलं गेलं. माझ्या गुंडाळ्या थाळ्यात चक्राकार लावलेल्या, वर लिंबाच्या चकत्या, दिसायला अगदी देखण्या. मैत्रिणींनी पहिली तोंडात टाकली. बोलणं थांबलं. एकीने पाण्याचा पेला उचलला. मला वाटलं, चवीने गप्प झाल्या. आमच्याकडे वाढणारी बाई मागाहून जेवते, त्यामुळे मी बसले नव्हते; मी थाळा घेऊन उभी होते, आणि पान रिकामं दिसलं की आग्रह करणं हे आमच्या रक्तातच आहे. मी वाढलं. त्या हात आडवा करत होत्या, मी हाताखालून वाढत होते. "घ्या हो, लाजताहात काय," असं चक्क मराठीत म्हणत होते. त्या बिचाऱ्या दह्याबरोबर, पावाबरोबर, पाण्याबरोबर गिळत होत्या आणि प्रत्येक घासानंतर मला म्हणत होत्या, "एलिनिझे सालिक," म्हणजे तुमच्या हातांना आरोग्य लाभो. नेरमिनबाईंनी सात खाल्ल्या. मी मोजत होते, कारण त्या हरताहेत असं मला वाटत होतं. आठवी वाढायला वाकले तेव्हा पूर्वाने माझं मनगट धरलं.

"आई, पुरे गे."

तिच्या आवाजात असं काही होतं की मी तिथेच, उभ्यानेच, थाळ्यातली एक उचलून तोंडात घातली.

मोरजीच्या समुद्रात लहानपणी एकदा लाटेने मला उलथी केली होती. तेवढंच मीठ.

मैत्रिणी चहा घेऊन, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेऊन गेल्या. मी भांडी घासायला आत पळाले. पूर्वा मागून आली, शेजारी उभी राहून विसळू लागली.

"तू चाखून बघूक नाय," ती म्हणाली.

"मी कधी चाखतंय? तुका म्हायत नाय?"

"म्हायत असा." तिने पेला पालथा घातला. "तू माका पण कधी एक कुलेर देऊक नाय. हिणा पयल्याच दिसा माझ्या तोंडात घातल्यान."

कुलेर म्हणजे आमच्याकडे चमचा. पोर्तुगीज गेले आणि चमच्याचं नाव मागे ठेवून गेले. त्या परक्या घरात तो शब्द ऐकला आणि हातातलं भांडं मी खाली ठेवलं, कारण मला सगळं आठवलं. किंवा असं म्हणावं की जे मी कधी विसरले नव्हते ते आता मला नाकारता येईना.

ती सात वर्षांची होती. तिच्या बाबांचं मूळ घर शिरगावचं, लईराई देवीचे ते धोंड, म्हणजे जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे व्रती. जत्रेआधीच्या व्रताच्या दिवसांत त्यांचं जेवण मी ओलेत्याने, वेगळ्या चुलीवर करायचे. मोगऱ्याचे दिवस, घरभर त्याचा वास, आणि त्या वासाखाली शिजणाऱ्या गूळ-खोबऱ्याचा. मी मणगणं केलं होतं. चण्याची डाळ, साबुदाणे, नारळाचं दूध. देवापुढे ठेवायला वाटी आणायला वळले, आणि परत पाहते तो पूर्वा झाकण बाजूला करून, बोट बुडवून, ते बोट तोंडात घालून उभी. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी पाहिला होता. पाहून मी तिला मारलं. "सगळां उष्टां केलंस! भायर हो. परत चुलीकडे येव नको." बाबा आंघोळ करून ओल्या वस्त्रानिशी थांबलेले, मला सगळं पुन्हा रांधावं लागलं, घामाने, रागाने माझा तिळपापड झाला होता. पण राग संध्याकाळपर्यंत गेला. मी तिला जवळही घेतलं असेल. एवढं मात्र केलं नाही: चुलीकडे ये, असं पुन्हा म्हटलं नाही.

आणि ती आली नाही. ती मुलगी एकदा सांगितलेलं ऐकणारी होती. अभ्यासाची पाटी, पुढे वह्या, पुढे कॉलेजची जाडजूड पुस्तकं घेऊन ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची, पाय बाहेर, पाठ चौकटीला. लोक म्हणायचे, पोरगी काही शिकली नाही हो तुमच्याकडून. मी म्हणायचे, तिला आवडच नाही. आणि खरं सांगू? मला ते बरं वाटायचं. धूळ बाहेर, ट्रक बाहेर, माणसं बाहेर, आणि आत सगळं माझं. लोक माझ्या हाताला नावाजत, आणि त्या हाताला वाटेकरी नव्हता. मी नेरमिनबाईंवर जळले, ते त्यांनी माझं काही घेतलं म्हणून जळले. पण मी जे कधी दिलंच नव्हतं, ते त्यांनी माझ्याकडून कसं घेतलं असेल?

हे त्या वेळी तिला सांगता आलं असतं. मी नळ बंद केला आणि विचारलं, "मगे, कधी येतलंस घराक?"

"मी आनी दोन वर्सां हंयसर रवतंय, आई. सही केलंय मागच्याच म्हयन्यात. तुका तोंडार सांगूक धीर होय नाय होतो."

म्हणजे मी विमानात बसण्याआधीच सगळं झालं होतं. तिरफळं, सोलं, नारळ, सदतीस वर्षांची कीर्ती, सगळं सुकून गेलेल्या ओढ्यात होडी घालावी तसं झालं. मी "बरां" म्हटलं आणि ओटा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

सकाळी निघताना नेरमिनबाईंनी मला मिठातल्या पानांची एक बरणी दिली, आणि शब्द नव्हते म्हणून हातवारे करून दाखवलं: कढत पाणी, ओतून दे, कढत पाणी, ओतून दे, असं तीनदा. मग त्या इतक्या मनापासून हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मला तेव्हाही राग आला. गाडी सुटली तशी त्यांनी एका वाडग्यातलं पाणी आमच्यामागे रस्त्यावर फेकलं. मी दचकले. पूर्वा म्हणाली, पाण्यासारखी सुखाने जा आणि पाण्यासारखी परत ये, असा त्याचा अर्थ असतो. मी मागे वळून पाहिलं. रस्त्यावर ओला डाग होता आणि बाई रिकामं वाडगं घेऊन उभ्या होत्या.

घरी पोचल्यावर तिच्या बाबांनी माझ्या मागे कुणी उतरतं का ते पाहिलं, आणि बॅग उचलली. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघराची जनेलं उघडी ठेवू लागले. धूळ आता फारशी येत नाही. पानांची बरणी फळीवर ठेवली, मिठाच्या बरणीशेजारी. उघडली नाही. मन मोठं झालं वगैरे काही नाही. फोनवर मागून नेरमिनबाईंचा आवाज आला, 'पूर्वाजीम' ऐकू आलं, की अजूनही माझ्या पोटात दुखतं, आणि मी 'नमस्कार सांग त्यांना' असं म्हणते.

चवथीला पूर्वा आठ दिवसांची रजा घेऊन आली. गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला बांधलेल्या नारळ-कवंडळांचा, ओल्या रानवेलींचा वास घरात भरला होता, बाहेर श्रावणाचा मागे राहिलेला पाऊस मधूनच सर टाकून जात होता. चवथीच्या दिवशी सकाळी मी खतखतं शिजायला ठेवलं. सुरण, दोडकी, भोपळा, मक्याचे तुकडे, तूरडाळ, वर तिरफळं. तिच्या परतीच्या तिकिटावरची तारीख मला सकाळपासून दिसत होती, हात सवयीने चालत होते. ती उंबऱ्यावर बसली होती. तिथेच. पाय बाहेर, पाठ चौकटीला, हातात पुस्तकाऐवजी फोन. तीन वर्षं दुसरीच्या स्वयंपाकघरात खांद्याला खांदा लावून रांधणारी ही बाई, माझ्या घरी आली की आपोआप बाहेरच बसते, हे मला पहिल्यांदाच दिसलं.

मी झाकण काढलं. वाफ वर गेली, जनेलाकडे वळली, दारातून बाहेर पडली. पूर्वाने फोनवरून मान वर केली. डोळे मिटून तिने नाकाने लांब, सावकाश श्वास घेतला.

"आई," ती म्हणाली, "मीठ पडूक नाय गे."

मी पातेल्यावर वाकले. वाफ कच्ची होती. पाणचट. मी मीठ घातलंच नव्हतं.

मग मला लिंबाच्या झाडाकडची ती खिडकी आठवली, आणि वाफेत तोंड घालून उभी असलेली पूर्वा, आणि हसत तिला मागे ओढून चमचा पुढे करणाऱ्या नेरमिनबाई. त्या तिला चाखायला शिकवत होत्या, कारण ती आधी वास घेत होती. हे तिला त्यांनी शिकवलेलं नव्हतं. कुणीच शिकवलेलं नव्हतं. तिला बाहेर घालवल्यावर उंबऱ्यावर बसून, माझ्या हातून जे झाकणाखालून निसटत होतं, तेवढ्यावर ती ते शिकली होती.

देवघरात तिचे बाबा नैवेद्याची वाट पाहत होते. मी फळीवरून मिठाची बरणी काढली. माझ्या चुलीवरचं मीठ आजवर दुसऱ्या हाताने पडलेलं नाही. बरणी घेऊन मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिच्यापुढे धरली.

"भितर ये," मी म्हटलं. "तूच घाल."

मग तिने फोन खाली ठेवला, उठून उभी राहिली, ओले हात पुसावेत तसे कोरडेच हात ओढणीला पुसले आणि आत आली. बरणीत हात घातला, मुठीत मीठ घेतलं, पातेल्यावर हात फिरवला. थांबली, वास घेतला, आणखी चिमूटभर टाकलं. किती, ते मी विचारलं नाही. केळीच्या पानावर नैवेद्य वाढला आणि स्वतः वास न घेता तसाच देवापुढे नेला.